चाळीस फूट पाण्यातली पेटी

"मोटार किती एचपीची?" स्वप्नालीनं मान वर न करताच विचारलं.

"मोटार न्हाई… मासा हाय. चौदा फुटाचा."

तिच्या हातातली तांब्याची तार तिथंच थांबली. नेकनूरच्या बसस्टँडमागं तिच्या वडिलांचं, गहिनीनाथअण्णांचं, मोटार रिवायंडिंगचं दुकान. बोअरमधल्या जळालेल्या मोटारी इथं यायच्या. आयटीआय झाल्यापासून निम्मं दुकान तीच ओढायची आणि नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं तिनं पाहिली होती. पण मासा घेऊन कुणी आलं नव्हतं.

तिनं वर पाहिलं. उन्हानं रापलेला एक तरुण काउंटरवर काळी, जाड पेटी ठेवून उभा होता. पेटीला पुढं काचेचा घुमट, दोन्ही बाजूंना मुठी. आणि त्याच्या डोळ्यांत… हसू.

"ह्या पेटीत कॅमेरा बसतो," तो म्हणाला. "समुद्रात शंभर फूट खाली न्यायचा, शार्कसमोर धरायचा. हिची रबरी रिंग तुटली. पाण्यातल्या मोटारीला बी असलीच रिंग असती ना? म्हणून आलो."

"शार्कसमोर कोण नेतं?"

"मी."

"कावून?" स्वप्नालीच्या तोंडून अगदी मनापासून गेलं.

तो मोठ्यानं हसला. मग त्यानं मोबाईलवर व्हिडिओ लावून तिच्यापुढं धरला. निळं, शांत पाणी. लांबवर एक सावली… सावली मोठी झाली, तिला पट्टे फुटले, जबडा उघडला आणि धप्पकन काचेवर आदळली.

"आई गं!" ती स्टुलावरून उठलीच. तारेचं रीळ गडगडत पार दारापर्यंत गेलं.

"काय झालं गं?" आतून अण्णा.

"काय न्हाई अण्णा… झुरळ!"

त्याचं नाव रविराज. तलवाड्याचा. आईबाप ऊसतोडीला कर्नाटकात गेलेले, म्हणून सुट्टीत तो नेकनूरला वत्सलामावशीकडं उतरला होता. मालदीवला एका डायव्हिंग बोटीवर तो चार वर्षं दुसऱ्यांचे कॅमेरे वाहत होता. यंदा पहिल्यांदाच त्याला कुणीतरी म्हणालं होतं, स्वतःची पेटी आण, सगळा सीझन तूच शूटिंग कर. पेटी त्यानं जुनी घेतली होती. शुक्रवारी दुपारच्या गाडीनं निघायचं होतं. पेटी गळली तर ते काम दुसऱ्याला जाणार होतं.

"असली रिंग बीडहून मागवावी लागंल," स्वप्नाली म्हणाली. "दोन-तीन दिवस लागतील."

दोन-तीन दिवस लागणार म्हटल्यावर माणसानं तिसऱ्या दिवशी यावं. हा रोज यायचा. रिंग आली का विचारायचा, नाही म्हटलं की तोंड पाडायचा आणि दोन चहा सांगून तासभर बसायचा. तोंड पाडण्यात काही जीव नव्हता, हे अण्णांनाही कळत असावं. ते हल्ली आतच बसायचे.

"भ्या वाटत न्हाई?" तिनं एकदा विचारलं.

"पहिल्यांदा वाटलं. पर तो मासा नुसता येतो, डोळ्याला डोळा लावून बघतो… आन काय न बोलता निघून जातो. तुमच्यासारखा."

"मी कवा गेले निघून?" ती म्हणाली आणि मग आपण काय बोललो ते कळून तिनं पाना उचलला. पान्याचं काहीच काम नव्हतं.

गुरुवारी एसटीच्या पार्सलनं रिंग आली. रविराजनं पेटी तिच्याकडंच ठेवली. "तुमीच बसवा. ग्रीस मातर नावाला."

नावाला? अण्णांनी तिला शिकवलं होतं, पाणी अडवायचं तर ग्रीसला हात आखडायचा नाही. तिला त्या पट्टेवाल्या माशाचा जबडा आठवला. तिनं बोटावर ग्रीस घेतलं, रिंगला लावलं, पुन्हा घेतलं, पुन्हा लावलं. त्याच्या जिवाची काळजी तिला दुसरी कशी करता येणार होती?

शुक्रवारी सकाळी दोघं अण्णांच्या मळ्यातल्या विहिरीवर गेले. पेटीत कॅमेरा नव्हता, नुसता कोरडा टिश्यू पेपर. वजनाला दगड बांधून पेटी दोरानं चाळीस फूट खाली सोडली. दहा मिनिटांनी वर ओढली.

काचेच्या आत निम्म्यापर्यंत पाणी हिंदकळत होतं.

रविराजचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं झाकण उघडलं. ग्रीसच्या जाड थरात, रिंगवर आडवा, एक लांब काळा केस चिकटला होता.

"हा… तुझा," तो एवढंच म्हणाला.

स्वप्नालीच्या पायाखालची जमीन सरकली. पण तिला खरा धक्का बसला तो केसाचा नव्हता.

"मी मुद्दाम न्हाई केलं, देवाशप्पथ," ती कशीबशी म्हणाली. "पर… पाणी दिसलं आन मला बरं वाटलं. तुमी जाणार न्हाई म्हणून… बरं वाटलं!"

तो विहिरीच्या कठड्यावर मटकन बसला.

"चार वर्षं वाट बघितली मी ह्या दिसाची."

"माहीत हाय. म्हणून तर माझीच मला लाज वाटायली."

तिनं डोळे पुसले आणि त्याच ओढणीनं रिंग पुसायला घेतली. त्यानं झटकन तिचं मनगट धरलं.

"ओढणी नको… धागा राहतो. एक धागा बी पुरतो पाणी आत घ्यायला."

मनगट त्यानं जरा जास्तच वेळ धरून ठेवलं. तिनंही सोडवून घेतलं नाही. मग तिनं सगळे केस ओढणीत करकचून बांधले, ग्रीस नखानं खरवडून काढलं आणि रिंग नुसत्या बोटांनी पुसून घेतली. पेटी आतून कोरडी करून नवा टिश्यू पेपर ठेवला, नावाला ग्रीस लावून तिनंच झाकण लावलं. तिनंच दोर सोडला.

"ही बी ओली निघाली तर?" त्यानं हळूच विचारलं.

"दुसरी रिंग हाय. मी दोन मागवल्यात."

"दोन? मला जाऊ द्यायचं नव्हतं ना तुला?"

"न्हाईच. पर जायचं तर नीट जावं माणसानं."

पेटी वर आली. आतला कागद खडखडीत कोरडा होता. स्वप्नाली हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

"रडायलीस कावून? येणार हाय की मी. पाडव्याला आईबाप तोडीवरून येतेत. त्यांना घेऊन थेट तुमच्या दारात येतो. रीतसर… चालंल?"

रीतसर! हे काय ऐकतोय आपण? तिला हो म्हणायचं होतं, पण तोंडातून निघालं भलतंच.

"पाडव्याला?" ती किंचाळलीच. "अन् तवर तीन महिने मी काय करू?"

बांधावरचे बगळे उडाले. आता गारठायची पाळी रविराजची होती. मग त्यानं पेटी जपून खाली ठेवली, खिशातून मोबाईल काढला आणि फोन लावला.

"मावशे, चांगलं लुगडं नेस आन मोटारवाल्या गहिनीनाथकाकांच्या घरी ये… न्हाई, उद्या न्हाई. आत्ता! माझी गाडी दुपारची हाय!"