वस्तीला बरी

दिवा असाच राहू दे, वात वर करू नकोस. मला जे सांगायचंय त्याला एवढा उजेड पुष्कळ झाला.

मी गेले होते एक फॉर्म भरायला. बस्स, एवढंच काम. भुताखेतांची हौस मला कधीच नव्हती. तीस वर्षं तंबू शिवतेय, सुया टोचून टोचून बोटांना घट्टे पडलेत. वाऱ्यात कापड हललं म्हणून घाबरणाऱ्यातली मी नाही. मला राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही.

राग कशाचा, तर एका अक्षराचा. वाळवंटातल्या त्या डोंगराभोवती जे राखीव उद्यान आहे ना, त्याच्या कचेरीत एक पुस्तिका मिळते. तंबू टाकायच्या चौदा जागा, प्रत्येकीला एक ओळ. फार पूर्वी कोणी एक भला सर्वेवाला उन्हातान्हात फिरून, प्रत्येक जागी एकेक रात्र काढून, त्या ओळी वहीत लिहून गेला. अकराव्या जागेपुढे त्यानं लिहिलं होतं, 'सपाट. वारा कमी. वस्तीला बरी.' म्हणजे रात्रीच्या मुक्कामाला बरी. कचेरीत छापताना कोणाच्या तरी हातून 'ला' गळला. छापलं गेलं, 'वस्ती बरी.' आता वाचणारा काय समजेल? तिथे घरं आहेत, माणसं आहेत, चांगली वस्ती आहे.

तिथे कुत्रंसुद्धा नाही. सगळ्यात जवळची विहीर पन्नास किलोमीटरवर.

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे पंत म्हणायचे, कारण छापील अक्षरावर त्याचा भारी विश्वास. औषधाच्या बाटलीतला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार. "छापलंय म्हणजे असणार, ताई," हे त्याचं ठरलेलं. दोन वर्षांपूर्वी एकटाच त्या डोंगराकडे निघाला, मीच शिवलेला तंबू घेऊन. मी म्हटलं, पाणी जास्तीचं ने. तर पुस्तिका उघडून माझ्या नाकासमोर धरली. "वस्ती आहे तिथे. कशाला ओझं?" चाळीस दिवसांनी गाडी सापडली, वाळूत रुतलेली. कॅन रिकामा. तंबू नाही, पंत नाही.

ती जुनी वही मला नंतर कचेरीतल्या काचेच्या कपाटात दिसली. शोभेला ठेवली होती. त्यात 'ला' स्वच्छ होता, शाईसुद्धा फिकी पडली नव्हती. तळपायाची आग मस्तकात गेली. एक 'ला' गळला आणि माझा भाऊ गेला.

पुस्तिकेचं काम एका बाबूकडे होतं. पंखा नेमका स्वतःकडे वळवून बसायचा. त्याच्यासमोर वही उघडली, पुस्तिका उघडली, बोट ठेवून दाखवलं. त्यानं चष्मा पुसला.

"चूक दिसतेय खरी," म्हणाला. "पण ताई, छापलेली ओळ अशी काढता येत नाही. फॉर्म भरावा लागतो. जागेची पाहणी, आणि तिथल्या दोन रहिवाशांच्या सह्या."

"तिथे रहिवासी नाहीत. हेच तर सांगतेय मघापासून."

"मग तसं त्यांच्याकडून लिहून आणा."

तो थट्टा करत नव्हता. थट्टा करायलाही अक्कल लागते, तेवढी त्याच्याकडे नव्हती. "नवी पुस्तिका सोमवारी छापायला जातेय," तो म्हणाला. "त्याआधी फॉर्म आला तर बघू."

मी तशीच निघून आले असते. दोन वर्षं हेच चाललं होतं, मी जायचं, भांडायचं, परत यायचं. पण त्या दिवशी माझ्या मागे एक जोडपं उभं होतं. बाईच्या कडेवर वर्षाचं पोर. तिनं पुस्तिका घेतली, चाळली आणि नवऱ्याला म्हणाली, "अकरा नंबर बघ. वस्ती आहे म्हणजे दूध मिळेल. पुढच्या आठवड्यात तिथेच जाऊ."

मी वळून सांगितलं, "जाऊ नका. तिथे काही नाही. माझा भाऊ गेला तिथे."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पुस्तिकेकडे पाहिलं. "पण यात तर छापलंय," तो म्हणाला.

मी फॉर्म घेतला. शनिवारी दुपारी गाडीत पाण्याचे कॅन टाकले आणि निघाले. विचार एवढाच की जागेवर बसून लिहीन, रहिवासी आढळले नाहीत, आणि सोमवारी त्या बाबूच्या टेबलावर आपटीन. मग बघते कसा घेत नाही.

तिथल्या जागा शोधणं सोपं नाही. पाटी नाही, खांब नाही. दगडावर पांढऱ्या रंगानं आकडा काढलेला, तोही वाळूनं खरवडलेला. दहावा दगड सापडला तेव्हा चार वाजले होते. पुढे रस्ता म्हणावा असं काही उरलं नाही. डोंगर उजव्या हाताला, करपलेल्या भाकरीच्या रंगाचा, आणि कितीही पुढे गेलं तरी तेवढाच लांब. वाळू मऊ लागली तशी गाडी थांबवली. रुतली असती तर मलाही चाळीस दिवस लागले असते. चालत गेले. दहा मिनिटांवर अकरावा दगड. समोर सपाट जमीन, तीन बाजूंनी खडक. सर्वेवाल्यानं खरं लिहिलं होतं, वारा खरोखर कमी होता. कमी कसला, नव्हताच.

दगडाला पाठ टेकून बसले आणि फॉर्म मांडीवर घेतला. ऊन कलत होतं. इतकं शांत, की कागदावर पेन सरकताना ऐकू येत होतं. 'पाहणीची तारीख' लिहिली. 'पाहणी करणाऱ्याचे नाव' लिहिलं. आणि मला वास आला.

तापलेल्या कापडाचा, मेणाचा. माझ्या दुकानात दिवसभर असतो तो वास, त्यामुळे आधी काही वाटलंच नाही. मग लक्षात आलं की मी दुकानात नाही.

मागे एक चेन उघडली. सर्र…

मी मान वळवली. खडकांच्या पोटाशी सात तंबू होते. आले तेव्हा नव्हते, हे मी कोणाचीही शपथ घेऊन सांगते. प्रत्येक तंबूच्या दारात कोणी ना कोणी बसलेलं. समोर भांडी, सगळी पालथी. चूल नाही, धूर नाही. वाळूवर एक पाऊल उमटलेलं नाही. आणि प्रत्येकाच्या मांडीवर ती पुस्तिका, एकाच पानावर उघडलेली.

कडेच्या तंबूला दुहेरी टीप होती. कोपऱ्यात मी टाके थोडे तिरके घालते, ते तसेच. माझे पाय आपोआप तिकडे गेले.

"आलीस, ताई," पंत म्हणाला. आवाज त्याचाच, पण कागद चुरगळल्यासारखा. ओठ फुटलेले. बाकी तसाच, शर्टाचं वरचं बटण लावलेला. "बस ना. वस्ती बरी आहे."

रडू यायला हवं होतं. मला संताप आला. दोन वर्षांचा सगळा एकदम तोंडाशी आला. "गाढवा," मी म्हटलं, "अरे डोळ्यांनी दिसत होतं ना, काही नाही म्हणून. तेव्हाच मागे का नाही फिरलास?"

"वाटलं, थोडं पुढे असेल. छापलं होतं ना." त्यानं मांडीवरची पुस्तिका सारखी केली. "मी आलो तेव्हा कोणी नव्हतं. मग मीच राहिलो. नंतर हे काका आले… मग ते दोघं… आता बरी झालीय."

माझ्या हातातला फॉर्म त्यानं पाहिला. त्याला वाचायला वेळ लागत नाही, कधीच लागला नाही.

"ती ओळ काढू नकोस, ताई."

"का?"

"ओळ आहे म्हणून कोणी येतं. नाहीतर आम्हाला कोण शोधणार?"

"पंत, ते तुला शोधायला येत नाहीत. मरायला येतात."

तेव्हा मी त्याला सांगितलं, त्या बाईचं, कडेवरच्या पोराचं, दुधाचं. पुढच्या आठवड्यात येणार म्हणून. बोलताना जाणवलं की मागची चुळबुळ थांबलीय. सगळे पुढे झुकून ऐकत होते.

शेजारच्या तंबूतल्या म्हाताऱ्यानं हळूच विचारलं, "कोणत्या वारी येणार आहेत?"

फार प्रेमानं विचारलं त्यानं. पाहुणे येणार म्हटल्यावर घरातलं थोरलं माणूस विचारतं तसं.

पंतनं म्हाताऱ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग हात पुढे करून म्हणाला, "पेन दे."

त्यानं सही केली. नेहमीसारखं मजकूर आधी पूर्ण वाचून. मी घाईनं लिहिलेला मजकूर, 'सदर जागी वस्ती नाही.' खाली, 'स्थानिक रहिवासी, एक.' मी फॉर्म घेऊन म्हाताऱ्याकडे गेले, तर त्यानं चेन ओढून घेतली. पलीकडच्यानंही. सर्र… सर्र… एकामागून एक सगळे तंबू बंद झाले. त्यांचं तरी काय चुकलं, सांग. नाही म्हणून सही करायची म्हणजे स्वतःवरच काट मारायची.

"दुसरं कोणी करणार नाही," पंत म्हणाला. "तूच कर. तू बसलीस इथे. इथे बसलेला इथलाच."

ऊन खडकावरून उतरत होतं. मला सोमवार दिसत होता, तो बाबू दिसत होता, ते पोर दिसत होतं. मी सही ठोकली. पत्त्याच्या रकान्यात 'मु. जागा क्र. ११' असं लिहिलं, कारण दुसरं काही लिहिलं असतं तर त्या दीडशहाण्यानं फॉर्म परत केला असता.

"थांब, पाणी आणते," म्हणून मी गाडीकडे पळाले. कॅन छातीशी धरून परत आले तर सपाट जमीन. दगडावर आकडा, बाकी काही नाही. मी हाका मारल्या. शिव्या दिल्या, त्याला, कचेरीला, त्या गळलेल्या अक्षराला. शेवटी सगळं पाणी तिथेच ओतलं. जमीन ओली झालीच नाही.

सोमवारी बाबूनं फॉर्म उलटसुलट पाहिला. "रहिवासी म्हणून तुम्हीच?"

"मीच."

त्यानं खांदे उडवले आणि शिक्का मारला. रकाने भरलेले होते, त्याचं काम झालं. नव्या पुस्तिकेत दहानंतर थेट बारा आहे. ते जोडपं निघताना कचेरीत थांबलं, नवी पुस्तिका हातात पडली, आणि तीन नंबरला जाऊन आलं, पोर तोंडभर हसत होतं म्हणे. तेवढ्यासाठी मी पुन्हा सही करीन.

दोन महिन्यांनी बाबूचा फोन आला, फाइल बंद करायचीय, येऊन एक सही द्या. गेले. फाइलवर एक पोचपावती टाचलेली होती.

"ही कसली?"

"आदेशाची प्रत रहिवाशांना पोस्टानं पाठवावी लागते. तुम्ही दिलेल्या पत्त्यावर पाठवली."

"तिथे? तिथे पोस्टमन जातो?"

"पोच आलीय ना," बाबू म्हणाला, "म्हणजे जात असणार."

मी ती पावती उजेडात धरली. तारीख परवाची. घेणाऱ्याची सही, पंत. नातं, भाऊ. आणि खाली शेऱ्याच्या रकान्यात, त्याच्या त्या नीटस अक्षरात, 'ताई, तुझ्या तंबूपुरती जागा झाडून ठेवली आहे.'