जिंकलो तर...

तो पहिल्यांदा तिच्या लक्षात आला तो वर्तमानपत्रामुळे. शाळांच्या फुटबॉल स्पर्धेतला मुलींचा सामना चालू होता. पायऱ्यांवर शेजारी बसलेल्या माणसाने पेपर इतका लांब धरला होता की त्याची कड तिच्या मांडीवर आली होती.

"हात पुरेनासे झालेत तुम्हाला," ती म्हणाली.

त्याने गडबडून पान आवरलं. "माफ करा हं. हल्ली अक्षरं फार बारीक छापतात."

"अक्षरं तेवढीच आहेत. तुम्हाला चाळिशी लागलीय. माझं चष्म्याचं दुकान आहे, सगळे हेच कारण सांगतात."

"अरे बापरे. आणि मी अँब्युलन्स चालवतो." त्याने मैदानाच्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या गाडीकडे बोट दाखवलं. "घाबरू नका, लांबचं स्वच्छ दिसतं."

"आणि जवळचं?"

"जवळचं..." त्याने तिच्याकडे पाहिलं, मग घाईने नजर मैदानाकडे वळवली. "तेही दिसायला लागलंय थोडंथोडं."

ती हसली नाही. पण घरी जाताना लेकीने विचारलं, "आई, आपण जिंकलो म्हणून इतकी खूश आहेस?" तेव्हा ती नुसतंच "हो" म्हणाली.

स्पर्धेच्या प्रत्येक सामन्याला त्याची ड्यूटी असायची. तो बसून राहिला म्हणजे सगळं आलबेल. त्याला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिची लेक बचावफळीत खेळायची. तिच्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही, म्हणून मैत्रिणी तिला 'भिंत' म्हणायच्या. ऑफसाइड म्हणजे काय, हे पायऱ्यांवर शेजारी बसून ती त्याला समजावून सांगायची आणि तो मान हलवून म्हणायचा, "पुन्हा एकदा सांगा."

"तुम्हाला कळलंय. उगाच विचारताय."

"कळलंय हो. पण तुम्ही सांगता तेव्हा हात फार छान हलतात तुमचे."

एका सामन्याला तिने त्याच्यासाठी चष्मा करून नेला. काडी कानामागे बसवताना तिची बोटं त्याच्या पिकल्या कल्ल्यांना लागली. रोज कितीतरी लोकांच्या कानांना हात लावणारी बाई ती... पण त्या दिवशी काडी बसवायला तिला जरा जास्तच वेळ लागला.

लेक लहान असताना नवरा सोडून गेला होता. तेव्हापासून दुकान, घर आणि लेक, यापलीकडे तिने स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. मागायचं कसं, तेच ती विसरून गेली होती.

अंतिम सामन्याच्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. मध्यंतराला एक-एक अशी बरोबरी होती. तिने छत्री जरा त्याच्या बाजूला कलती केली.

"सोमवारपासून माझी बदली झालीय," तो म्हणाला. "फार लांब नाही. सुट्टीला येता येईल. म्हणजे... सामना नसला, तरी. तुम्ही याल का कुठे बसायला? माझ्याबरोबर?"

तिच्या ओठांवर 'हो' आलं होतं. पण इतक्या वर्षांनी तो शब्द सरळ बाहेर पडेना. तिने चेष्टेचा आडोसा घेतला.

"जिंकलो तर येईन."

"आणि हरलात तर?"

"हरतोय कशाला? माझी भिंत आहे तिथे."

तो हसला, पण त्याने ते मनावर घेतलं होतं. दुसऱ्या सत्रात पहिल्यांदाच तो चेंडूवरची नजर काढेना. तिला वाटलं, शिट्टी झाली की सांगू. जिंकलो काय, हरलो काय, हो म्हणून टाकू.

सामना संपत आला असताना समोरच्या संघाची एक मुलगी एकटीच चेंडू घेऊन निसटली. भिंत जीव तोडून धावली, घसरली आणि दोघी एकमेकींवर आदळल्या. ती मुलगी पाय धरून तशीच पडून राहिली. तो केव्हा उठला आणि केव्हा स्ट्रेचर घेऊन धावला, तिला कळलंही नाही. गाडीचं दार लावताना त्याने एकदा वर पायऱ्यांकडे पाहिलं. पण तिची नजर चिखलात गुडघे टेकून बसलेल्या लेकीवर होती. सायरनचा आवाज दूर गेला, मग पेनल्टी झाली आणि त्या गोलावर लेकीचा संघ हरला.

सगळ्या मुली निघून गेल्या तरी लेक कपडे बदलायच्या खोलीतून हलेना. "आई, मी तिचा पाय मोडला," एवढंच म्हणत राहिली. ती बाकावर लेकीला कुशीत घेऊन बसून राहिली.

दोन दिवसांनी तिने अँब्युलन्सच्या नंबरवर फोन लावला. पलीकडून घाईने विचारलं, "पेशंट कोण आहे? काय होतंय?"

"काही नाही," ती म्हणाली. "चुकून लागला."

मग ती वाट पाहत राहिली. दुकान त्याला माहीत होतं. दाराची घंटा वाजली की ती मान वर करायची.

पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत पांढऱ्या गाडीवर एक बाई होत्या, मोकळ्या स्वभावाच्या. तिने सहज विचारल्यासारखं त्याच्याबद्दल विचारलं.

"ते होय? तिकडेच रमलेत. गेल्या महिन्यात लग्न झालं, आम्ही सगळे गेलो होतो." बाई हसल्या. "पण खेळाचं भारी वेड हो त्यांना. मागच्या फायनलला पेशंटला हॉस्पिटलात सोडलं आणि तशीच गाडी इकडे फिरवली. मी होते ना सोबत. गेटवरच्या माणसाला विचारलं, कोण जिंकलं? त्याने सांगितलं. मग थोडा वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसून राहिले."

"किती वाजता?" तिने विचारलं.

"अंधारायला आलं होतं. मैदान रिकामं होतं. तुमच्या शाळेच्या कपडे बदलायच्या खोलीत तेवढा दिवा होता."

तिने छत्री मिटली, पुन्हा उघडली.

"तुमची ओळख दिसतेय," बाई म्हणाल्या. "काही निरोप सांगू का?"

खाली मुली मैदानात उतरत होत्या. लेकीने वर पाहून हात केला. तिनेही केला.

"सांगा," ती म्हणाली, "मुली यंदा छान खेळतायत."