बेकरीत थांबायचं राहिलं

माझा मावसभाऊ मेल्यावर एका बंद पडलेल्या उपग्रहावर जाऊन बसला. अजून तिथेच आहे.

नाही. असं काही झालेलं नाही. वरची ओळ तुम्ही वाचलीच नाही असं समजा.

झालं ते एवढंच. आणि ते अक्षरशः खरं आहे. गाव पिला, लगुना प्रांत, फिलिपिन्स. नोव्हेंबरातली संध्याकाळ, मृतांचा सण नुकताच उरकलेला.

मावसभावाचं नाव क्रिसांतो. मी त्याला कुया म्हणायचो, म्हणजे दादा. आम्ही दोघं आमच्या गच्चीवरून उपग्रहांचे फोटो काढायचो. दुर्बीण घरीच बनवलेली, तिची नळी म्हणजे सांडपाण्याचा पाईप. उपग्रह दिवेलागणीला चांगले दिसतात. आपल्याकडे अंधार पडलेला असतो आणि त्यांच्यावर अजून ऊन असतं. मी नळीवरच्या छोट्या दुर्बिणीतल्या फुलीवर नजर ठेवून नळी हाताने ढकलायची, आणि कुयाने लॅपटॉपवर बघून ओरडायचं.

"डावीकडे! अरे डावीकडे, रेड्या!"

एका उपग्रहाने आम्हाला फार छळलं. बंद पडलेलं धूड. एक खोका आणि एक लांब पंख. कोलांट्या खात जायचा, म्हणून लुकलुकायचा. उजळ, मंद. उजळ, मंद. त्याचा एकही स्पष्ट फोटो जमला नव्हता.

मग कुया गेला. भात जेवून झोपला, तो उठलाच नाही.

आमच्याकडे मयताला पुरेपर्यंत शवपेटी घरातच असते. लोक येतात, बसतात, पत्ते खेळतात. पण तिथून निघालं की सरळ आपल्या घरी जायचं नसतं. वाटेत कुठेतरी थांबायचं. याला पगपग म्हणतात, म्हणजे झटकणं. मागे कुणी लागलं असेल तर ते तिथेच राहतं. आमचं अख्खं गाव बेकरीत थांबतं. तिथे आजवर किती जण राहिलेत ते बेकरीवाल्यालाच ठाऊक.

आणखी एक नियम आहे. मयताच्या घरचं कुणी पाहुण्याला पोचवायला येत नाही.

त्या संध्याकाळी मी कुयाच्या घरून निघालो... आणि कुणीतरी फाटकापर्यंत आलं.

चपलांचा आवाज. फट्... फट्... एका चपलेचा पट्टा सैल असल्यासारखा.

मी वळून पाहिलं नाही. उपग्रह यायची वेळ झाली होती.

बेकरी लागली. मी थांबलो नाही.

शेजाऱ्यांचा कुत्रा माझ्यावर रोज भुंकतो. त्या दिवशी त्याने माझ्या मागे पाहिलं... आणि शेपूट हलवली. माझ्यासाठी त्याने ती कधीच हलवलेली नाही.

नानाय, म्हणजे माझी आई, दोरीवरचे कपडे काढत होती.

"बेकरीत थांबलास ना?"

"वेळ नव्हता."

"अरे मेल्या! मग आता कुठे थांबणार?"

"गच्चीवर. नजर वर थांबवतो. थांबणं ते थांबणंच."

"मावशीचं पोर पेटीत पडलंय आणि तुला विनोद सुचतोय, ओबेट?"

मला विनोद सुचत नव्हता. मला काहीच सुचत नव्हतं. पाय आपले आपण जिना चढत होते.

उपग्रह आला. उजळ, मंद. उजळ, मंद.

लॅपटॉपसमोरची खुर्ची रिकामी.

"डावीकडे..."

मी नळी डावीकडे घेतली. सवय.

"थोडं वर..."

घेतली.

"आता धर."

मी धरलं. नजर फुलीवर थांबली.

आणि त्याचं लुकलुकणं... बंद झालं.

एकसारखा उजेड. कोलांट्या खाणारी वस्तू कुणीतरी घट्ट धरून ठेवावी, तसा.

त्या चपला मला पुन्हा कधी ऐकू आल्या नाहीत.

लॅपटॉपवर उतरलेल्या चित्रफितीतल्या चांगल्या चौकटी निवडून एकावर एक रचल्या. आमच्या आयुष्यातला सगळ्यात स्पष्ट फोटो निघाला. खोका. लांब पंख. आणि पंखाच्या टोकाला... एक ठिपका. एक गुडघा वर घेऊन कुणी बसावं तसा.

कुया जेवताना तसाच बसायचा.

मोजून पाहिलं. ठिपका कुयाच्या तिप्पट भरला. मेल्यावर माणूस मोठा होतो हे मी फक्त शोकसभेत ऐकलं होतं.

पुढच्या फेरीत पुन्हा फोटो काढला. ठिपका आता पंखाच्या दुसऱ्या टोकाला होता. कडेला.

उतरायला जागा बघत असल्यासारखा.

इकडे टिया लोरिंग, म्हणजे माझी मावशी, त्याची आई, रोज त्याचं ताट वाढते. गेलेलं माणूस चाळीस दिवस घराभोवती असतं, पाकोळी होऊन येतं, असं आम्ही मानतो. नवव्या दिवसाची प्रार्थना झाली. पाकोळी नाही. ताटातला भात होता तसाच.

"ओबेट, माझ्यावर रागावला असेल का रे तो? सगळ्यांचे येतात. माझाच कसा येत नाही?"

"वाट लांबची असेल, टिया."

"लांबची? दफनभूमी तर चर्चच्या मागेच आहे."

मी समोरचा भात खाल्ला. चव लागली नाही.

मग उपग्रहांवर नजर ठेवणाऱ्या मंडळींनी कळवलं की ते धूड खाली यायला लागलंय. चाळीस दिवस भरायच्या आत हवेत शिरेल आणि जळून जाईल.

हे मी फक्त नानायला सांगितलं. ती बराच वेळ कपड्यांच्या घड्या घालत राहिली. घातलेल्या मोडून पुन्हा घालत राहिली.

"बेकरीत थांबला असतास," ती म्हणाली, "तर पोरगं आज भट्टीजवळ असतं. उबेला."

त्यानंतर मी बेकरीत जाऊन थांबून आलो. रोज जातो. पाव आणतो. फरक पडलेला नाही. फोटोत तो अजून कडेलाच आहे, आणि उपग्रह दर फेरीला थोडा लवकर येतो.

म्हणून हे लिहितोय. कुणाच्या ओळखीत असेल तर पुढे पाठवा.

प्रति, सदर उपग्रहाचे मालक. विषय : थांबा मिळणेबाबत.

महोदय, आपला बंद पडलेला उपग्रह संध्याकाळी आमच्या गावावरून जातो. तो जळण्यापूर्वी, एकदाच, पिला येथील आमच्या गच्चीवर कृपया एक मिनिट थांबवावा. एक जण उतरायचा आहे. त्याच्या एका चपलेचा पट्टा सैल आहे, तरी गचका देऊ नये. घरी ताट वाढलेले आहे.