पोटावरच्या खुणा

माझी बायको वर्लीन गेल्याचं कळलं तेव्हा मी सापांच्या डब्यांतलं पाणी बदलत होतो. मार्चचे दिवस होते. साप थंडीच्या झोपेतून नुकते उठले होते आणि अशा वेळी ते फार पाणी पितात. दुपारी अडीचला शेरीफचा माणूस टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला.

"ऑट, जरा बसतोस का?"

मी म्हटलं, "उभ्यानेच सांग."

वर्लीन डेल रिओहून सापांसाठी गोठवलेले उंदीर घेऊन परत येत होती. कॉमस्टॉक गावाच्या अलीकडे रस्त्यासाठी डोंगर फोडलाय, दोन्ही बाजूंना चुनखडीच्या भिंती आहेत. तिथे तिची गाडी कडेला होती. इंजिन चालू, दार उघडं. ती भिंतीपाशी पडली होती. हृदय बंद पडलं म्हणाले. तिथे ती कशाला उतरली हे त्याला सांगता आलं नाही.

त्याच्यासमोरच मी उरलेल्या अकरा डब्यांत पाणी भरलं. तो थांबून राहिला.

जागा तिच्या ओळखीची होती, एवढं खरं. १९८८च्या जूनमध्ये त्याच भिंतीच्या कपारीत तिला पहिली मादी सापडली होती. राखाडी अंग, काळ्या कडांचे नारिंगी पट्टे, शेपटीचं टोक तुटलेलं. आमच्या घरातले सगळे किंगस्नेक, हे बिनविषारी पट्टेरी साप, तिच्याच वंशातले. हे साप पाळणाऱ्यांत साप नुसता देखणा असून चालत नाही. तो कुठल्या भिंतीवरचा, कुणाच्या पोटचा, हे सांगता यावं लागतं. ज्याने एकदा पिढ्यांचा घोळ केला त्याच्याकडून पुन्हा कुणी पिल्लू नेत नाही.

वर्लीनचा चिठ्ठ्यांवर भरवसा नव्हता. चिठ्ठ्या गळून पडतात. पिल्लाने पहिली कात टाकली की दहाव्या दिवशी ती त्याला उताणं धरायची, शेपटीकडून पोटावरचे खवले मोजायची आणि त्याच्यासाठी ठरवलेल्या दोन खवल्यांचा कोपरा नखं कापायच्या कात्रीने उडवायची. ती खूण जन्मभर राहते. पहिलीलाही घरी आणल्यावर तिनेच खूण केली होती. तिसरा खवला आणि अकरावा.

त्या वर्षी जोड्या मी लावल्या. पाचव्या पिढीतल्या मादीने सहा अंडी दिली आणि ऑगस्टअखेर सगळी फुटली. पिल्लांनी कात टाकल्यावर मी खुणा करायला बसलो. पाच पिल्लांच्या खुणा झाल्या. सहावं उलटं केलं तर त्याच्या पोटावर खूण आधीच होती. जुनी, भरून आलेली.

रविवारी रूडी टाको घेऊन आला. रूडी सेर्तूचे हा माझा जुना मित्र, डेल रिओत शाळेची बस चालवतो आणि चाळीस वर्षं हेच साप पाळतो.

"डबे अदलाबदल केलेस, म्हाताऱ्या," तो म्हणाला. "वर्लीन असती तर कानाखाली वाजवली असती तुझ्या."

"तीन आठवड्यांचं पिल्लू आहे हे. खूण बघ किती जुनी आहे."

"मग मीच येऊन कापून गेलो. बसमधली कार्टी सांभाळून मला दुसरा उद्योग काय!"

तो हसला. मग भिंग घेऊन त्याने खवले मोजले. सातवा आणि पंधरावा. पुन्हा मोजले. ती खूण चौथ्या पिढीतल्या मादीची, म्हणजे या पिल्लाच्या आजीची होती. ती मरून आठ वर्षं झाली होती.

"अंड्यात घासलं असेल काहीतरी," रूडी म्हणाला.

"नेमकं त्याच दोन ठिकाणी?"

"टाको गार होतायत," तो म्हणाला.

दुसऱ्या वर्षी तीच मादी, तोच नर. एका पिल्लावर तिसऱ्या पिढीतल्या मादीची खूण होती. शिवाय कुशीवर नखाएवढा सुरकुतलेला डाग. तिसरीला एकदा डब्याखालच्या गरम पट्टीने भाजलं होतं, बरोबर तिथेच. या वेळी रूडीने थट्टा केली नाही.

"हे कुणाला देऊ नकोस," एवढंच म्हणाला.

तिसऱ्या वर्षीचं पिल्लू उजव्या डोळ्याने आंधळं निघालं. डोळा पांढरा. पोटावर दुसरीची खूण. दुसरीचा डोळा जिवंत उंदराने फोडला होता. तेव्हा वर्लीन एकेचाळीस वर्षांची होती. स्वयंपाकघरात नळ सोडून ती मिठाच्या पाण्याने तो डोळा धूत होती आणि मला शिव्या घालत होती, कारण उंदीर मी टाकला होता.

ते पिल्लू हातात घेऊन बसलं की स्वयंपाकघरातून नळाचा आवाज यायचा. एकदा मी बंद करायला गेलो. नळ बंदच होता. सिंक ओलं होतं.

मला भीती वाटली नाही. मी वर्षं मोजायला लागलो. दरवर्षी एक पिढी मागे. आता फक्त पहिली उरली होती. पहिली सापडली तेव्हा वर्लीन तेहेतीस वर्षांची होती, आणि ती पायऱ्या चढता चढता ओरडली होती, "ऑट, दिवा लाव, बघ काय आणलंय!" मला ती एकदा तशी बघायची होती. बाकी मला काही नको होतं.

"यंदा जोडी लावू नकोस," रूडी म्हणाला. "माझं ऐक जरा."

"लावली."

मादीने या वर्षी एकच अंडं दिलं. सत्तराव्या दिवशी सकाळी ते फुटलं. रूडी शेजारी उभा होता.

टरफलाच्या आत ओल नव्हती. चुनखडीची पांढरी धूळ होती.

पिल्लाच्या शेपटीचं टोक तुटलेलं होतं. जखम भरून आलेली.

रूडीने ते उलटं केलं आणि मोठा श्वास सोडला. "पोट कोरं आहे. बघ, संपलं. साधं पिल्लू आहे, शेपूट तेवढी तुटकी."

भिंतीवर सापडली तेव्हा पहिलीचंही पोट कोरंच होतं. खूण वर्लीनने नंतर केली.

हे रूडीच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"कात्री आण," तो म्हणाला. "आत्ताच कापून टाक. तू काप, नाहीतर मी कापतो."

"ते तिचं काम आहे."

"ती नाहीये, ऑट."

"अजून नाही," मी म्हटलं.

त्याने टोपी घातली आणि तो गेला. नंतरचे दोन रविवार आला नाही.

पिल्लाने कात टाकली. आज दहावा दिवस. सकाळी डबा उघडला तर ते उताणं पडलं होतं. मेलं असं वाटून मी बोट लावलं. जिवंत आहे, श्वास चालू आहे. मी त्याला सरळ केलं. ते हळूच पुन्हा उताणं झालं आणि कुणी हातात धरल्यासारखं पोट वर करून तसंच राहिलं.

संध्याकाळ होत आली आहे. खवले कापायचे अजून राहिलेत.