हाताची सवय

कोपरीच्या पक्षीवाल्याने दोन बजी, चिमणीएवढे छोटे पोपट, पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून दिले आणि वर बजावलं, "मॅडम, घाई नाय करायची. लव्हबर्ड्सना हाताची सवय लावायची तर महिना धरून चाला." ते लव्हबर्ड्स नव्हेत हे हेमांगीला ठाऊक होतं, आठवडाभर तिने त्याचाच तर अभ्यास केला होता. पण पक्षीवाल्याशी हुज्जत कोण घालणार! ती मुकाट्याने खोकं मांडीवर घेऊन रिक्षात बसली.

पक्षी बाबांसाठी होते. मधुकर चौबळ, वय एकाहत्तर. तीस वर्षं एका केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत काढलेली, आणि आता कोलशेतला खाडीकडे तोंड करून उभ्या असलेल्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर एकटे. आई मार्गशीर्षात गेली आणि बाबांचं जेवणावरचं लक्षच उडालं. चार महिन्यांत नऊ किलो उतरले. "डोंबिवलीला चला माझ्याकडे," असं हेमांगी दर रविवारी म्हणे, आणि ते दर रविवारी "बघू" म्हणत. त्या "बघू"पायी तिचा जीव टांगणीला लागला होता. आई तर हातची गेलीच होती. बाबाही असेच घास घास कमी करत जाणार, आणि आपण रविवारच्या रविवारी बघत राहणार, ही भीती तिला झोपू देत नव्हती. म्हणून पक्षी. निदान त्यांना दाणे घालायला तरी माणूस उठेल, आणि उठलाच आहे तर स्वतःही चार घास खाईल.

पिंजरा हॉलमध्ये, खिडकीशेजारच्या टेबलावर ठेवला. त्याला सुतळीने एक वही बांधली. चौबळांच्या घरात वहीशिवाय पान हलत नसे. विरजण लावायच्या दुधाचंही तापमान लिहून ठेवणारं घर ते. पहिल्या पानावर हेमांगीने पद्धत लिहिली. आधी लांब बसायचं, नजर रोखायची नाही. रोज वीतभर जवळ सरकायचं. मग हात जवळ ठेवायचा, दहा मिनिटं, न हलवता. हातातून खाऊ लागले की मानेमागे बोटाने हलकेच खाजवायचं. बाहेर सोडायचं ते त्यानंतर.

बाबांनी चष्मा लावून सगळं वाचलं. "पद्धत बरोबर आहे," म्हणाले. आई गेल्यापासून काहीतरी बरोबर आहे असं त्यांनी पहिल्यांदाच म्हटलं होतं. हेमांगीला स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसावे लागले.

दुसऱ्या रविवारी बाबांच्या गालांवर जरा मांस दिसलं. तिसऱ्या रविवारी तर सैल झालेला शर्ट अंगाला बसायला लागला होता. ती हरखून गेली.

"बघ, इथे सोबत आहे मला," बाबा म्हणाले. "आता डोंबिवलीचं नाव काढू नकोस."

निघताना लिफ्टपाशी शेजारच्या कॉन्स्टन्स आँटी भेटल्या. त्या घुटमळल्या.

"हेमांगी, रागावू नको हं. मी रोज तुझ्या बाबांना डबा देते. आता दोन आठवडे झाले, तसाच्या तसा परत येतो. माझ्या हातचं आवडेनासं झालं काय?"

हेमांगी माघारी फिरली. स्वयंपाकघरातलं सिंक कोरडं होतं. गॅसच्या शेगडीवर धुळीचा थर होता. फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्या आणि पक्ष्यांसाठी आणलेली कोथिंबीर, बस.

"बाबा, तुम्ही जेवता कुठे?"

"इथेच की."

"कोण देतं?"

बाबा नुसतेच हसले. वेड लागलेल्या माणसाचं हसू नव्हतं ते. पोट भरलेल्या माणसाचं होतं.

तिने पिंजऱ्यात हात घातला. दोन्ही पक्षी पलीकडच्या गजांना जाऊन चिकटले, इतके घाबरे की त्यातल्या निळ्या पक्ष्याची छाती उडताना दिसत होती. वाटीत दाणे होते, पाणी स्वच्छ होतं. पण तीन आठवड्यांत त्यांच्याजवळ कुणी हात नेलेलाच नव्हता. हातातून भरवायला आणलेलं राळ्याच्या कणसांचं पाकीट तिने ठेवलं होतं तिथेच, न फोडलेलं.

आठवडाभर तिने रोज दोनदा फोन केला. बाबा दर वेळी खुशीत होते.

चौथ्या रविवारी ती दुपारीच आली. सकाळच्या फोनवर बाबा म्हणाले होते, "आज बाहेर सोडायचा दिवस." बघू या तरी, म्हणून तिने खिडक्या लावून घेतल्या, पडदे ओढले, पंखा बंद केला आणि पिंजऱ्याचं दार उघडलं. एप्रिलचा उकाडा. कानशिलावरून घाम ओघळत होता.

पक्षी बाहेर आले नाहीत. ते तिच्याकडे पाहतही नव्हते. दोघेही एकाच जागी पाहत होते, बाबांच्या खुर्चीच्या मागे.

तिथे भिंत होती. कॅलेंडर होतं. बाकी काही नव्हतं.

बाबा डोळे मिटून बसले होते. मान थोडी पुढे झुकलेली. मानेमागचे त्यांचे पांढरे केस हळूच उचलले गेले. बसले. पुन्हा उचलले गेले. वारा म्हणून नव्हता.

बाबांनी मान किंचित कलती केली, हवी ती जागा पुढे करावी तशी.

हेमांगीने पिंजऱ्याची वही सुतळीतून ओढून काढली. पहिल्या पाच नोंदी बाबांच्या, निळ्या शाईत, तिरप्या अक्षरात. "चार फुटांवर. पक्षी सावध." त्यापुढे सगळं पेन्सिलीने. अक्षर उभं, कागद फाटेल इतकं दाबून लिहिलेलं.

"दाराशी बसणे. त्याने पाहिले नाही."

"खुर्चीमागे. वळून पाहिले. ओरडला नाही."

"हात खांद्यावर, दहा मिनिटे. चष्मा काढून ठेवला, पुसला, परत लावला."

"आज हातातून खाल्ले."

ती स्वयंपाकघरात धावली. लोणच्याच्या बरण्यांवर आईने लावलेल्या चिठ्ठ्या अजून होत्या. तिने वही शेजारी धरली. आईचं अक्षर असू दे, असं तिला किती वाटलं! आईचं असतं तर भीती उरलीच नसती, ती नुसती रडली असती. आईचं अक्षर गोल, बारीक, एकमेकांना धरून चालणारं. हे आईचं नव्हतं.

"बाबा, उठा. आत्ताच्या आत्ता निघायचं."

ते "बघू" म्हणतील असं वाटलं होतं. ते उठले, चपला घातल्या आणि दारात जाऊन उभे राहिले. पिंजरा कॉन्स्टन्स आँटींकडे गेला. टॅक्सीत वाटभर बाबा पलीकडच्या दाराला टेकून बसले होते, शांत.

डोंबिवलीला पोहोचल्यावर हेमांगीने दाराला आतून कुलूप घातलं. कुकर लावला. वही पिशवीतच होती. शेवटचं पान तिने तेवढ्यात पाहिलं. तारीख आजचीच होती.

"सकाळपासून खायला दिलेले नाही. मुलगी नेईल. नेऊ द्यावे. भूक लागली की आपणहून परत येतो."

तिने वरणभात कालवला. तूप सोडलं. ताट घेऊन ती सोफ्यापाशी आली.

"भूक लागली, हेमा," बाबा म्हणाले. पण ते ताटाकडे पाहत नव्हते. दाराकडे पाहत होते.

"म्हणून तर आणलंय. घ्या ना बाबा, एक घास. माझ्यासाठी."

तिने घास पुढे केला. बाबांचं सगळं अंग आक्रसलं. ते सोफ्यावर मागे सरकले.

"बाबा, मी आहे!"

त्यांनी मान डोलावली. ओळखलं होतं त्यांनी तिला, चांगलं ओळखलं होतं. तरी तिचा हात जवळ येत गेला तसे ते सरकत गेले, त्या हातावरची नजर न काढता, सोफ्याचं टोक येईपर्यंत. तिथे भिंत होती. भिंतीला पाठ लागली, तरी त्यांचे पाय फरशीवर मागे रेटतच राहिले.