मागचं स्टूल

न बोलणाऱ्या मुलाला चित्र देऊन मागायला शिकवायचं, तर दोन माणसं लागतात. एक समोर, हवी ती वस्तू जवळ ठेवून, तळहात उघडा धरून. दुसरं मुलाच्या मागे, बुटक्या स्टुलावर. मागच्याने मुलाचा हात चित्रापर्यंत न्यायचा, तिथून समोरच्या तळहातापर्यंत आणायचा, आणि चकार शब्द काढायचा नाही.

तीस वर्षं आई मागे बसली. घरी कुणाला बोलू न देणारी ही बाई त्या स्टुलावर मुकी व्हायची. तिचं खरं कसब मदत काढून घेण्यात होतं. आधी मनगट धरायची, मग कोपर, मग नुसता खांदा. मग काहीच नाही. "आपण होतो हे पोराला आठवताही कामा नये," म्हणायची.

ती वारल्यावर लेकीने नोकरीतून महिन्याची रजा काढली आणि आईच्या शाळेत आली. आईची शेवटची विद्यार्थिनी सहा वर्षांची. भिंतीच्या कडेकडेने चालायची म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. महिनाअखेर मुंगीने स्वतःहून चित्र दिलं नाही, तर शाळेतली तिची जागा जाणार होती.

"एकटीने कसं जमायचं, ताई?" शाळेतल्या मावशी म्हणाल्या. "मला मागे बसवू नका हं. गप्प बसले तर पोट दुखतं माझं."

लेक समोर बसली. मांडीवर साबणाच्या फुग्यांची बाटली. मागचं स्टूल रिकामं.

तिसऱ्या दिवशी मुंगीचा हात फुग्यांच्या चित्राकडे निघाला. मनगट आधी उचललं गेलं. बोटं खाली लोंबत राहिली. लेक खोटी नोंद करणारी नव्हती. वहीत 'मदत'च्या रकान्यात तिने लिहिलं: मनगट.

पुढच्या आठवड्यात फ्रॉकची सैल बाही कोपराशी दबलेली दिसली. तीन खळगे. अंगठा, दोन बोटं. आई तशीच धरायची.

मावशींनी वहीत डोकावून पाहिलं. "कोपर? धरलं कोणी?"

लेकीने वही मिटली. मुलासमोर मागच्याचा विषय काढायचा नसतो.

मग खांदा.

शेवटच्या दिवशी बाही सपाट होती. मुंगीचा हात निघाला, अडखळला, परत निघाला. तिने चित्र ओढून काढलं, लेकीच्या तळहातावर ठेवलं आणि पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं.

लेकीने फुगे सोडले. वहीत लिहिलं: काही नाही.

मुंगी फुग्यांमागे धावली. चित्रांची फाइल उघडीच होती. शेवटच्या पानावर आईचा फोटो. तो काढायचा लेकीला धीर झाला नव्हता. महिनाभर ती रडली नव्हती. कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

तिने वर पाहिलं. मुंगीच्या खुर्चीमागे स्टूल नव्हतं.

लेकीच्या पाठीशी काहीतरी सरकलं.

मग तिचं मनगट अलगद उचललं गेलं.