चौऱ्याहत्तर रेघा

माझं काम फोन तपासायचं. तो चालतो की नाही हे दुसरे लोक बघतात, मी बघते तो दिसतो कसा. केंटकीत, शेफर्ड्सव्हिलच्या बाहेर हमरस्त्याला लागून आमचं गोदाम आहे. जवळच व्हिस्कीची कोठारं असल्यामुळे आमच्याही भिंती दारूच्या वाफेवर वाढणाऱ्या काळ्या बुरशीने माखलेल्या असतात, आणि आत मात्र सगळं दवाखान्यासारखं पांढरंशुभ्र. लोकांनी परत केलेले, नाहीतर नव्याच्या बदल्यात दिलेले महागडे फोन इथे येतात. दिव्याखाली धरायचा, सगळ्या बाजूंनी फिरवायचा आणि ए, बी किंवा सी असा शेरा द्यायचा. मुख्य नियम एकच: हात लांब करून धरल्यावर जो ओरखडा दिसत नाही, तो ओरखडा नाही. याआधी बावीस वर्षं मी लाकडी कपाटांचं पॉलिश तपासत होते, कुठे खरखर लागली तर सँडपेपर मारत होते. तो कारखाना बंद पडला, नजर तेवढी माझ्याकडे राहिली.

शेजारच्या टेबलावर ओडेल कोम्ब्स बसायचा. एकसष्ट वर्षांचा धिप्पाड माणूस, डावखुरा, बोटात बापाची जाडजूड अंगठी. झिजेवरून फोनचा मालक ओळखायचा आमचा खेळ चालायचा.

"रोंडा, ही बाई आहे बघ. फोन आणि किल्ल्या एकाच पर्समध्ये कोंबते."

"आणि नवऱ्यावर भडकली की आपटते. कोपरा बघितलास का?"

"नवऱ्याची काळजी वाटते गं मला."

या खेळात माझा हात कोणी धरू शकत नसे, कारण मला दिवस मोजता यायचे. चार्जरची वायर लावताना तिचं टोक भोकाच्या कडेला जरासं घासतं आणि केसासारखी बारीक रेघ उमटते. बहुतेक माणसं झोपताना एकदाच वायर लावतात. भिंग लावून रेघा मोजल्या की फोन किती दिवस वापरला ते कळतं. मी दोन-चार दिवसांपलीकडे चुकले नाही कधी. याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू?

जुलैत एक खोका आला. सीलबंद, गिऱ्हाइकाने न उघडताच परत केलेला. सील मीच कापलं. आत बाराशे डॉलरचा काळा फोन, पडद्यावर कारखान्याचा कागद तसाच. फक्त डाव्या बाजूला, खालून दोन बोटं वर, काळा मुलामा उडून आतला पांढरा धातू उघडा पडला होता. भोकाच्या कडेला रेघाही होत्या. चौऱ्याहत्तर.

असले लबाड लोक आम्हाला नवे नाहीत. वापरलेला फोन खोक्यात घालून सील चिकटवतात आणि नव्याचे पैसे मागतात. मी तसाच शेरा लिहिला. अर्ध्या तासाने आमची सुपरवायझर ग्लेंडा तो फोन घेऊन परत आली.

"नंबर खोक्याशी जुळतो. सील कारखान्याचंच. आणि बॅटरी एकदाही चार्ज झालेली नाही, रोंडा."

"मग या रेघा कुठून आल्या?"

"कारखान्यातला दोष. सी लिही आणि पुढचा घे."

सी शेऱ्याचा माल शुक्रवारी आम्हा कामगारांना स्वस्तात मिळतो. जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी, सव्वीस तारखेला, ओडेलने नेमका तोच फोन उचलला. डाव्या हातात धरला, आणि मुलामा उडाला होता तिथे त्याची अंगठी बरोबर बसली.

"घेऊ नकोस तो," मी म्हटलं.

"का, चावतो का?"

"अरे, तुझ्याच हाताची झीज आहे त्याच्यावर."

"मग बरंच की! माझे कष्ट वाचले." तो हसला. "किती दिवसांची आहे, सांगा की भिंगवाल्या बाई."

"चौऱ्याहत्तर," मी म्हटलं, आणि मीही हसले.

ऑक्टोबरच्या आठ तारखेला सकाळी ओडेल ट्रकमधून भोपळे उतरवत होता. तिसरा भोपळा हातात असताना तो खाली बसला आणि परत उठलाच नाही. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. चर्चमध्ये मी त्याच्या बायकोशेजारी, अर्माशेजारी बसले. ती सारखी म्हणत होती, "त्या दिवशी छान नाश्ता केला होता गं त्याने."

महिन्याभराने अर्माने त्याचा फोन आणून माझ्या हातात दिला. "विकायचाच आहे, तर तुझ्या टेबलावरून जाऊ दे. त्याला आवडलं असतं." ती गेल्यावर मी फोन दिव्याखाली धरला आणि सवयीने भिंग लावलं.

आधीच्या चौऱ्याहत्तर आणि ओडेलच्या वापराच्या तेवढ्याच, म्हणजे दीडशेच्या आसपास रेघा असायला हव्या होत्या. मी तीन वेळा मोजल्या. चौऱ्याहत्तर. नवी एकही नाही. अंगठीची खूणही तेवढीच, तिळभर वाढलेली नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सव्वीस जुलैच्या रात्रीपासून बोट ठेवत गेले. सात ऑक्टोबरची रात्र चौऱ्याहत्तरावी आली.

मी सी लिहिलं आणि पुढचा फोन घेतला. ग्लेंडाला काय सांगणार होते? त्याला मी आकडा सांगितला होता आणि आम्ही दोघं हसलो होतो, हे मला अजून खातं. त्यानंतर सीलबंद खोके मी दुसऱ्या टेबलांकडे सरकवू लागले. शुक्रवारच्या विक्रीला कधी थांबले नाही. घरी बजावून ठेवलं, माझ्या गोदामातून कोणी काही घ्यायचं नाही.

घरात आहे एकटी मार्ली, माझी लेक, वीस वर्षांची. तिने माझं ऐकलं. गोदामातून नाही, लुइव्हिलच्या दुकानातून तिने फोन आणला, वर्षभर आइस्क्रीमच्या दुकानात राबून साठवलेल्या पैशांतून. बीन्स आणि मक्याचा कॉर्नब्रेड ताटात गार होत होते. तिने माझ्यासमोर सील कापलं.

"बघ ना, आई. तुझा शेरा मिळाल्याशिवाय मी वापरणार नाही."

डाव्या हाताची करंगळी मार्लीने शाळेत सॉफ्टबॉल खेळताना मोडली होती. ती वाकडीच सांधली. फोन ती त्या करंगळीवर तोलून धरते. फोनच्या खालच्या कडेवर, जरा तिरका, मुगाच्या डाळीएवढा ठिपका चकाकत होता.

मी पर्समधून भिंग काढलं. एकोणीस रेघा होत्या.

"काय गं? खराब आहे का?"

मी हात लांब केला. एवढ्या अंतरावरून काहीच दिसत नव्हतं, ना ठिपका, ना रेघा. "ए," म्हणून मी फोन तिला परत दिला. नियमाने तोच शेरा होता. मग म्हटलं, "मार्ली, हा मला दे. तू माझा घे."

"तुझा? तो चार वर्षांचा भंगार? वेड लागलंय का तुला?"

"मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही."

"रोज भांडी घासायला लावतेस ते काय मग?" ती हसली, मग माझा चेहरा बघून थांबली. "आई, काय झालंय?"

मी नुसता हात पुढे केला. तिने फोन टेबलावर आपटला, माझा उचलला आणि दार धाडकन लावून घेतलं. दोन दिवस बोलली नाही.

फोन हातोड्याने फोडावा असंही मनात आलं होतं. पण फोडून रेघा थोड्याच पुसल्या जातात? कोणाच्या तरी हातात त्या पुऱ्या व्हायला हव्यात, असं मला वाटलं. का वाटलं ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी कामावर गेल्यागेल्या तो दिव्याखाली धरला. खालची कड काळीभोर होती. ठिपका नव्हता.

उजव्या बाजूला, मधोमध, मुलामा किंचित घासला गेला होता. मी फोन उजव्या हातात धरला. सँडपेपर घासून माझ्या अंगठ्याला घट्टा पडलाय. तो नेमका तिथे टेकला.

रेघा मोजल्या. एकोणीस.

मला इतकं हायसं वाटलं की एकटीच हसले. ग्लेंडाने विचारलं, "बरी आहेस ना?" खरंच बरी होते.

आता मार्ली बोलते. काल तिला बंबाची ज्योत कशी पेटवायची ते दाखवलं, घराचे कागद कुठल्या खणात आहेत तेही.

"कुठे निघालीयेस का तू?" तिने विचारलं.

"कुठे जाणार मी?" मी म्हटलं.

काल झोपताना बाराव्यांदा वायर लावली, सात राहिल्या. आज सकाळी फोन दिव्याखाली घेतला आणि हात लांब करून धरला. अजून काहीही दिसत नाही.